शेरा माणसावर की वाळूवर?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, काढतात. त्यात ब्लो-होल, म्हणजे वायू अडकून झालेली पोकळी, पडली की साचा करणाऱ्या मोल्डरला बहुतेक वेळा एकच ऐकावं लागतं : ‘तुझं लक्षच नसतं बघ.’ शेजाऱ्याचं काम चोख उतरलं तर त्याला मिळतं, ‘तू हुशार आहेस.’ दोन्ही शेरे माणसावर झाले, वाळूबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

अव्रॅहम क्लूगर आणि अँजेलो डिनिसी या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली अभिप्रायावरचे आधीचे प्रयोग एकत्र तपासले. ६०० हून अधिक निष्कर्ष होते. सरासरीने अभिप्रायामुळे काम सुधारलं होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते चक्क बिघडलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की माणसाचं लक्ष मोजकंच असतं. शेरा कामावरून स्वतःवर आला की ते लक्ष अब्रू सांभाळण्यात जातं. कौतुकानंही हेच होऊ शकतं, हे साहेब लोकांनी मनावर घ्यायला हवं.

वाळूत ओल जास्त राहिली तर वितळलेल्या धातूच्या उष्णतेनं तिची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट नसली की कास्टिंगमध्येच अडकते. सुपरवायझरनं मूठभर वाळू दाबून, ढेकूळ मोडून दाखवावं. कड नीट राहते की ढासळते, मिक्सर किती वेळ फिरवला, वाफ जायला व्हेंट, म्हणजे भोकं, कुठं मारले, हे मोल्डरलाच विचारावं. उत्तर शोधता शोधता तो शिकतो.

आणि साहेब कसा शिकणार? एमी एडमंडसन या संशोधिकेला रुग्णालयांत एक कोडं पडलं होतं : चांगल्या चमूंमध्ये औषधाच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या! पुढं लक्षात आलं, तिथली माणसं चुकांबद्दल मोकळेपणानं बोलत होती. १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीच्या ५१ गटांचा त्यांनी अभ्यास केला, तिथंही बोलायची भीती नसलेले गट जास्त शिकताना दिसले.

आपल्या सीमाभागात ही भीती दुहेरी असते. खानापूरकडचा पोरगा घरी मराठी बोलतो, साहेब कन्नड किंवा हिंदीत विचारतो. चूक कबूल करायची तीही परक्या भाषेत. त्याला मराठीत सांगू द्यावं, गरज पडली तर शेजारचा सांगेल समजावून. रिजेक्ट झालेला एखादा नग कापून टेबलावर ठेवावा, आणि साहेबानं आधी स्वतः सांगावं : ‘ह्या लॉटला घाई मी केली होती. तुला काय दिसतंय?’