फी माफ झाली, पण शिष्यवृत्ती मिळाली का?

नर्सिंगला प्रवेश घेतलेल्या मुलीला पैशांचं काय केलं म्हणून विचारलं, की बहुतेक वेळा उत्तर येतं, "स्कॉलरशिप आहे की." जरा खोलात गेलं की कळतं, तिला जे मिळालंय ती शुल्कमाफी आहे. कॉलेजची फी सरकार भरणार, पण तिच्या हातात काही येणार नाही. घरच्यांनी मात्र हिशेब असा धरलेला असतो की पोरीचा कोल्हापुरातला सगळा खर्च सुटला. दिवाळीनंतर मेसचं बिल थकतं तेव्हा गडबड लक्षात येते.

ही गल्लत होणं साहजिक आहे. दोन्हींचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच भरायचा, कागदपत्रं जवळपास तीच, आणि कॉलेजच्या ऑफिसात दोन्हींची खिडकी एकच. त्यात खुल्या प्रवर्गासाठी जी फी सवलतीची योजना आहे तिच्या सरकारी नावातच 'शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती' असे शब्द आहेत. मग घरच्यांनी ओळखायचं कसं?

बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलीला हा फरक जड जातोच, पण एम.एस्सी. नर्सिंगला येणाऱ्या सिस्टरला तो जास्त महागात पडतो. एम.एस्सी.ला यायचं तर पदवीनंतर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. म्हणजे ती मुलगी आधीच कमावती झालेली असते. घरात तिच्या पगारावर काहीतरी चालू असतं, भावाची फी, नाहीतर गाडीचा हप्ता. दोन वर्षांचा कोर्स पूर्णवेळ, क्लिनिकल पोस्टिंग म्हणजे रुग्णालयातलं काम वेगळं, त्यामुळे नोकरी सोडावी लागते. तिच्यासाठी 'फी किती' हा अर्धाच प्रश्न असतो. उरलेला अर्धा, पगार बंद झाल्यावर दोन वर्षं जगायचं कशावर, हा असतो. शुल्कमाफी पहिल्या प्रश्नाला उत्तर देते. दुसऱ्याला थोडंफार उत्तर शिष्यवृत्तीकडे असतं.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांचं उदाहरण घेतलं तर फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो, कारण तिथे दोन्ही योजना एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती. त्यात परत न मिळणारी सक्तीची फी येते आणि वर निर्वाह भत्ता येतो. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे सगळ्यात वरच्या गटातल्या अभ्यासक्रमांना हा भत्ता वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये आणि घरून ये-जा करणाऱ्याला ७,००० रुपये आहे. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं की तीच मुलगी, त्याच कॉलेजात, त्याच बाकावर बसून फ्रीशिपमध्ये, म्हणजे नुसत्या शुल्कमाफीत जाते. फी भागते, भत्ता संपतो. इथे आपण निवड करत नाही, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला करतो. म्हणून दाखला काढताना 'किती लिहू' असं कुणी विचारलं तर खरं तेच लिहायला सांगायचं, आणि खरं उत्पन्न अडीच लाखांच्या आसपास असेल तर दाखला हातात येईपर्यंत भत्ता धरून कसलंही आर्थिक गणित मांडायचं नाही. लग्न झालेल्या आणि नोकरी नसलेल्या मुलीच्या बाबतीत या शिष्यवृत्तीसाठी नवऱ्याचं उत्पन्न बघितलं जातं, हेही बऱ्याच जणींना अर्ज भरतानाच कळतं.

१३,५०० म्हणजे महिन्याला अकराशे-बाराशे रुपये. राजारामपुरीत किंवा कसबा बावड्यात कॉट बेसिसवर राहून मेसचा डबा खाणाऱ्या मुलीला हे पुरत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी मी ही रक्कम किरकोळ म्हणणार नाही. ज्या घरातून महिन्याला पाचशे रुपये पाठवतानाही दोनदा विचार होतो, त्या घरातल्या मुलीला लॉगबुक, झेरॉक्स, बसपास आणि मोबाईलचा रिचार्ज एवढं तरी स्वतःच्या पैशांतून करता येतं.

आता मुलींच्या मोफत शिक्षणाकडे येऊ. सध्या सगळ्यात जास्त गैरसमज याच योजनेबद्दल आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं राज्यात २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि इतर मागास प्रवर्गाला निम्मी सवलत होती, ती मुलींसाठी शंभर टक्के झाली. सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गही यात आहे. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. फार चांगला निर्णय आहे, आणि चंदगड, शाहूवाडी, राधानगरीकडच्या कितीतरी घरांत मुलीच्या शिक्षणाचा विषय त्यामुळे पुढे सरकला. पण ही शुल्कमाफी आहे. राहण्या-खाण्याचा एक रुपयाही त्यात नाही. आणि माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, सगळी फी नव्हे.

कॉलेजच्या फीची पावती एकदा नीट वाचा. वरच्या ओळीला शिक्षण शुल्क असतं, तोच मोठा आकडा, आणि परीक्षा शुल्क सोडलं तर माफी लागते ती त्यालाच. त्याखाली विकास शुल्क. मग ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, विद्यापीठाचं पात्रता शुल्क, विद्यार्थी विमा. शेवटी अनामत रक्कम, जी कोर्स संपल्यावर परत मिळते आणि म्हणूनच कुठलीही योजना ती भरत नाही. गणवेश, ॲप्रन, शूज, नावाची पट्टी हे तर बऱ्याच ठिकाणी पावतीबाहेरच असतं. प्रवेशाच्या दिवशी घाईत कुणी हे वाचत नाही. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं 'माफ' किंवा 'आपलं' असं लिहून बघा. 'आपलं' लिहिलेल्या ओळींची बेरीज केली की पहिल्या वर्षी खरोखर किती पैसे जमवायचे आहेत ते समोर येतं. पावतीवर सगळं एकाच आकड्यात लिहून दिलं असेल तर तपशीलवार पावती मागून घ्यायची, तो आपला हक्क आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, तेव्हा कुठली ओळ मंजूर आहे आणि कुठली नाही हेही पडताळता येतं.

या माफीची सगळ्यात कडक अट प्रवेश कसा झाला याबद्दल आहे. सीईटी सेलच्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून जागा मिळालेली असली पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला लाभ नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही या निर्णयाबाहेर आहेत. एखादी मुलगी कॅपमधून मिळालेलं लांबचं कॉलेज सोडते, घराजवळ कोट्यातून जागा घेते आणि 'मुलींना सगळीकडे मोफत आहे' असं धरून चालते. मग चूक दुरुस्त करायला काही वाव राहत नाही. जागा पक्की करण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. हा प्रवेश कॅपमधला धरला जाणार का? आणि महाडीबीटीवर या कॉलेजचं आणि माझ्या अभ्यासक्रमाचं नाव निवडल्यावर ही योजना दिसते का? एम.एस्सी. आणि पोस्ट बेसिकच्या (नर्सिंग डिप्लोमानंतरच्या बी.एस्सी.च्या) मुलींनी दुसरा प्रश्न विसरू नये. पोर्टलवर कॉलेज, अभ्यासक्रम आणि वर्ष भरल्यावर आपल्याला लागू योजनांची यादी येते, तीच खरी मानायची. शेजारच्या मुलीला बी.एस्सी.ला मिळालं, यावर विसंबू नये.

फी भरून मोकळं होण्यापेक्षा राहण्या-जेवणाची सोय ही शिक्षणाची मोठी अडचण आहे, हे कोल्हापूरला नव्यानं सांगायला नको. शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं ते १९१७ साली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याच्या कितीतरी आधी, १९०१ मध्ये उभं राहिलं, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल १९०८ मध्ये. खेड्यातलं पोर शहरात टिकायचं तर आधी त्याला छप्पर आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. आज आपण फीबद्दल भरपूर बोलतो आणि वसतिगृहाबद्दल फार कमी, याचं मला वाईट वाटतं.

त्यामुळे शुल्कमाफी मिळालेल्या मुलीनं तिथे थांबू नये. निर्वाहाच्या योजना वेगळ्या आहेत, त्यांचा अर्ज वेगळा भरायचा असतो. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. इतर मागास, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. स्वाधारची चौकशी विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात करायची. एक मात्र लक्षात ठेवायचं, एकाच कारणासाठी दोन ठिकाणांहून पैसे घेता येत नाहीत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती सोबत ठेवता येत नाही, त्यामुळे कुठली जास्त फायद्याची ते आधी बघून मगच अर्ज करायचा.

पैसे कुणाच्या खात्यात येतात, यातही दोन्हींचा गोंधळ उडतो. निर्वाह भत्ता विद्यार्थिनीच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो, तो तिचाच. पण अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा साठ टक्के हिस्सा २०२१ पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो आणि त्यात फीचाही भाग असतो. खात्यावर एकदम मोठी रक्कम दिसते, घरात कुणाच्या तरी दवाखान्याची नड असते, आणि ते पैसे वापरले जातात. मग कॉलेज फी मागतं, हॉल तिकिटाच्या वेळी ताण येतो. ज्या दिवशी मेसेज येईल त्याच दिवशी ऑफिसात जाऊन यातली फी किती आणि भत्ता किती हे विचारून घ्यावं, फी भरून पावती घ्यावी, आणि उरलेले आपले समजावेत.

नोकरी करून आलेल्या सिस्टरची इथे आणखी एक अडचण असते. तिची खाती दोन-तीन असतात. जुन्या हॉस्पिटलचं पगाराचं खातं, कॉलेजच्या वेळचं, गावातल्या बँकेतलं. पैसे जातात ते आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात, अर्जात तुम्ही कुठला नंबर लिहिलाय त्यावर ते ठरत नाही. पगाराचं खातं बंद पडलेलं असेल आणि आधार तिथेच जोडलेलं असेल, तर भत्ता अडकतो. अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन हे तपासून घेणं पाच मिनिटांचं काम आहे. शिक्षणात खंड पडलाय म्हणून अर्जात गॅपची माहिती विचारली जाते, तिथे अनुभवाचं प्रमाणपत्र आणि खंडाचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवावं. ते नसलं की अर्ज 'सेंड बॅक' होऊन परत येतो आणि पुन्हा भरेपर्यंत मुदत जवळ आलेली असते.

शुल्कमाफी आणि भत्ता दोन्ही धरूनही जी तूट राहते, तिच्यासाठी शैक्षणिक कर्ज आहे. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा खर्च येतो, माहितीचं विश्लेषण, छपाई, बाइंडिंग, आणि तो शुल्कमाफीत बसत नाही. कर्जाचा एक फायदा लोकांना माहीत नसतो. ते फक्त फीसाठी नसतं, वसतिगृह, पुस्तकं, प्रवास हेही त्यात धरता येतं. चार लाखांपर्यंत सहसा स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. म्हणून फी माफ असली तरी कर्जाचा अर्ज करता येतो, फक्त रक्कम पावतीवरच्या 'आपलं' लिहिलेल्या ओळी आणि राहण्याचा खर्च एवढीच मागावी. बँक देते म्हणून पूर्ण फीचं कर्ज काढून ठेवायचं आणि नंतर माफी मिळाली की ते पैसे घरात वापरायचे, हे करू नका. हप्ता पुढे तुमच्याच पगारातून जाणार आहे.

आणि हे सगळं दरवर्षी करायचं असतं. पहिल्या वर्षी मंजूर झालं म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही, नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरी लागते. उत्पन्नाचा दाखला जुना झाला असेल तर नवा काढायचा, आणि तो एप्रिल-मेमध्येच काढून ठेवलेला बरा. दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेश सुरू झाले की करवीर तहसीलच्या सेवा केंद्रांवर पाय ठेवायला जागा नसते.