थेट प्रक्षेपणातील व्यत्यय (पुरस्कार सोहळे)

पुरस्कार वितरणाचा सोहळा घडत असतानाच तो दूरचित्रवाणीवर दाखवला जात असेल आणि त्या वेळी चित्र, ध्वनी, वीज किंवा संदेशवहन यांत प्रेक्षकाला जाणवेल असा बिघाड झाला, तर त्यास थेट प्रक्षेपणातील तांत्रिक व्यत्यय म्हणतात. ‘व्यत्यय’ हा शब्द मराठी घरांत रुजवला तो मुंबई दूरदर्शनने; २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या या केंद्राचे प्रक्षेपण खंडित झाले की पडद्यावर हीच पाटी येई. आजच्या वाहिन्यांवर पाटी दिसत नाही. तिच्या जागी जाहिरात लागते, त्यामुळे बिघाड झाल्याचे अनेकदा प्रेक्षकाला कळतही नाही.

क्रिकेट सामन्याचे प्रक्षेपण दिवसभर चालते, तरी त्यातील कॅमेरे, माइक आणि केबल यांच्या जागा ठरलेल्या असतात. पुरस्कार सोहळ्यात मात्र नृत्य, गायन, निवेदन, ध्वनिचित्रफीत आणि प्रेक्षकांतून उठून येणारा विजेता असा क्रम दर काही मिनिटांनी बदलतो, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी ध्वनी व चित्र एका यंत्रणेकडून दुसरीकडे सोपवले जाते. बहुतेक बिघाड यंत्र जुने झाल्याने नव्हे, तर या सोपवण्याच्या क्षणी होतात.

सर्वाधिक तक्रारी ध्वनीच्या असतात. बिनतारी माइकपैकी प्रत्येकाला स्वतंत्र वारंवारता द्यावी लागते; पण दोन माइकचे प्रेषक (संदेश पाठवणारे भाग) जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून तिसऱ्याच वारंवारता तयार होतात. उदाहरणार्थ, ६१० आणि ६१२ मेगाहर्ट्झवरील दोन माइक एकत्र चालू असतील तर ६०८ आणि ६१४ मेगाहर्ट्झवरही उपद्रव निर्माण होऊ शकतो, आणि तिथे निवेदकाचा माइक असेल तर खरखर त्याच्या आवाजात येते. दुपारी रिकाम्या नाट्यगृहात केलेली तपासणी संध्याकाळी निरुपयोगी ठरते ती याच कारणाने, कारण तोवर वार्ताहर आपापले बिनतारी माइक घेऊन आलेले असतात. पण बिनतारी यंत्रणेलाच सारा दोष देणे योग्य नाही. २०१६ च्या ग्रॅमी या अमेरिकेतील संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात गायिका अडेल गात असताना पियानोतील माइक तारांवर पडले आणि गिटार वाजावी तसा आवाज अमेरिकाभर ऐकू गेला. पुढच्याच वर्षी त्याच सोहळ्यात मेटॅलिका या रॉक बँडचा गायक जेम्स हेटफील्ड याचा माइक बंद राहिला, तेव्हा त्याला सहगायिका लेडी गागा हिच्या माइकवर गावे लागले.

ओठ आणि शब्द यांची फारकत हा याच वर्गातला, पण अधिक छुपा दोष होय. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार ध्वनी चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला तो खटकू लागतो. सेकंदाला २५ चित्रे या हिशेबाने एक चित्र ४० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे ध्वनी पुढे असेल तर जेमतेम एका चित्राची सवड मिळते. चित्रावर प्रक्रिया करणारे प्रत्येक यंत्र एखाद-दुसऱ्या चित्राचा उशीर करते. या उशिरांची बेरीज कोणी ठेवली नाही तर निवेदक डबिंग केलेल्या चित्रपटातल्यासारखा दिसू लागतो. रंगमंचामागील एलईडी भिंत कॅमेऱ्याशी जुळवलेली नसेल, तर पडद्यावर आडवे पट्टे किंवा लहरी उमटतात.

विजेसाठी मोठ्या सोहळ्यात दोन जनरेटर आणि त्यांच्या आधी यूपीएस ठेवतात. जनरेटर भार उचलेपर्यंतचे काही सेकंदच कॅमेरे आणि मिक्सर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला पुरेसे असल्याने यूपीएस वगळणे ही खोटी बचत ठरते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा परिसरातील ४०० केव्ही वाहिन्या बंद पडून मुंबईसह ठाणे व नवी मुंबईचा पुरवठा खंडित झाला होता. त्या दिवसाशी कोणत्याही सोहळ्याचा संबंध नसला, तरी शहराच्या विजेवर विसंबणे का धोक्याचे, याचे ते स्थानिक उदाहरण आहे.

सभागृहापासून वाहिनीपर्यंतचा दुवा हा ठाणे-नवी मुंबईत विशेष नाजूक ठरतो. मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन किंवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह नाटकासाठी बांधलेले असल्याने ओबी व्हॅन (बाहेरून प्रक्षेपण करणारी यंत्रसज्ज गाडी) बाहेर उभी करून केबल आत न्यावी लागते, आणि ती गर्दीच्या पायांखालून जाते. व्हॅन उपग्रहाकडे केयू या उच्च वारंवारतेच्या पट्ट्यात प्रसारण करीत असेल तर जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार सरीने संदेश क्षीण होतो. त्याहून कमी वारंवारतेचा सी पट्टा पावसाला फारशी दाद देत नाही, परंतु त्याच्या ग्रहणाच्या ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झ टप्प्याला लागून ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झमध्ये ५जी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे, आणि शेजारच्या टॉवरचा जोरदार संदेश ग्राहकयंत्राला गोंधळात टाकू शकतो. स्वस्त पर्याय म्हणजे अनेक सिमकार्डे एकत्र जोडणारे बॅकपॅक. दुपारी ते उत्तम चालते. प्रेक्षक आत येऊन मोबाइलवर चित्रण पाठवू लागले की त्याच टॉवरवरचा त्याचा वाटा घटतो, आणि नेमका मुख्य पुरस्काराच्या वेळी चेहरा चौकटी-चौकटींत गोठतो.

नको ते शब्द वेळीच दाबता यावेत म्हणून काही ठिकाणी प्रक्षेपण मुद्दाम काही सेकंद उशिरा करतात. ऑस्कर सोहळ्यात पाच सेकंदांचा विलंब २००४ मध्ये प्रथमच वापरला गेला. २०२२ मध्ये त्याच सोहळ्यात अभिनेता विल स्मिथने विनोदवीर ख्रिस रॉकला थप्पड मारली तेव्हा अमेरिकेत ध्वनी दाबला गेला, पण जपान व ऑस्ट्रेलियातील प्रक्षेपणात तो तसाच गेला. २ मार्च २०२५ रोजी हूलू या इंटरनेटवरील प्रसारणसेवेवर हाच सोहळा पाहणाऱ्या काही प्रेक्षकांचे प्रसारण अखेरचे मोठे पुरस्कार जाहीर होण्यापूर्वीच थांबले; उपग्रहाची जागा इंटरनेटने घेतल्याने बिघाड संपले नाहीत, त्यांची जागा तेवढी बदलली.

मराठी चित्रपट व मालिकांचे पुरस्कार सोहळे बहुतांशी आधी चित्रित करून नंतर दाखवले जातात. त्यामुळे माइक बंद पडल्याची साक्ष सभागृहातील प्रेक्षकांकडेच राहते: निवेदक तीच ओळ पुन्हा म्हणतो, टाळ्या पुन्हा मागवल्या जातात, आणि संकलनात दोन्हींतील सफाईदार भाग ठेवला जातो.