पिप्रहवा : अस्थी आणि रत्ने यांच्या वाटणीची पार्श्वभूमी

उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील बौद्ध स्तूपातून निघालेल्या रत्नांचा हाँगकाँगमधील लिलाव मे २०२५ मध्ये ऐन वेळी स्थगित झाला आणि जुलैअखेरीस ती रत्ने भारतात परत आली. त्या काळातील बहुतेक चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरली : स्तूप खणणाऱ्या इंग्रजाच्या वंशजांना, म्हणजे एका खासगी कुटुंबाला, ती विकण्याचा अधिकार होता का? या प्रश्नाचे मूळ मात्र १८९८-९९ मधील एका सरकारी निर्णयात आहे. एकाच निधानातून (पुरून ठेवलेल्या ठेव्यातून) निघालेल्या वस्तूंपैकी अस्थी धर्माच्या आणि रत्ने संग्रहालयाच्या किंवा मालमत्तेच्या, अशी वाटणी तेव्हा करण्यात आली. पुढच्या सव्वाशे वर्षांतील गुंतागुंत प्रामुख्याने त्या वाटणीतून वाढलेली आहे.

प्राचीन वाटणीची हकिकत महापरिनिब्बान सुत्त या पाली ग्रंथामुळे परिचित आहे. भगवान बुद्धांच्या अस्थींचे आठ भाग झाले, वाटणी करणाऱ्या द्रोण ब्राह्मणाने मोजमापाचे भांडे मागून घेतले आणि उशिरा पोचलेल्या पिप्पलीवनाच्या मोरियांना चितेतील कोळशांवर समाधान मानावे लागले. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की भांडे आणि कोळसे यांच्यावरही स्तूप उभारले गेले. पूज्यता अस्थींपुरती मर्यादित नव्हती. अस्थींच्या सहवासात आलेली वस्तूही तिची वाटेकरी होती. पुढे अशोकाने जुने स्तूप उघडून अस्थींचे पुनर्वितरण केल्याची परंपरा आहे आणि पिप्रहवा येथे सापडलेली दगडी पेटी त्याच काळातील असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

वसाहतकाळात स्तूप पुन्हा उघडले जाऊ लागले तेव्हा मधला हा सगळा संदर्भ पुसला गेलेला होता. १७९४ मध्ये सारनाथ येथे बांधकामासाठी विटा काढताना दगडी पेटीत ठेवलेल्या करंडकात अस्थी आढळल्या आणि त्या गंगेत विसर्जित करण्यात आल्या. विसर्जन करणाऱ्यांच्या हेतूत अनादर नव्हता. मृताच्या अस्थींना योग्य ती गती देणे हाच त्यांच्या दृष्टीने आदर होता. १८५१ मध्ये सांची परिसरात उघडलेल्या स्तूपांतील, बुद्धांचे प्रमुख शिष्य सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी करंडकांसह इंग्लंडला गेल्या. १८८२ मध्ये सोपारा येथे एकात एक ठेवलेल्या करंडकांच्या गाभ्याशी, सोन्याच्या करंडकात, मातीच्या भांड्याचे लहान तुकडे मिळाले. ते भिक्षापात्राचे असावेत असे उत्खननकर्त्याने मानले. एकाच प्रकारच्या ठेव्याला तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या गती मिळाल्या, कारण त्याचे काय करावे याचा कोणताही दंडक नव्हता.

जानेवारी १८९८ मध्ये, तेव्हाच्या बस्ती आणि आताच्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेलगतच्या एका जमीनदारीच्या इंग्रज व्यवस्थापकाने पिप्रहवाचा स्तूप खणला. मोठ्या वालुकाश्मी पेटीत पाच पात्रे होती. त्यांपैकी एक स्फटिकाचे, माशाच्या आकाराची मूठ असलेले होते. पात्रांमध्ये आणि त्यांच्याभोवती अस्थींचे तुकडे, राख आणि हजाराहून अधिक रत्ने, मोती, मणी व नक्षीदार सुवर्णपत्रे होती. एका पात्राच्या झाकणाभोवती ब्राह्मी लेख होता. शाक्यांनी आपल्या बहिणी, पुत्र आणि पत्नी यांच्यासह भगवान बुद्धांच्या अस्थींचे हे निधान केले, असा त्याचा प्रचलित अर्थ लावला जातो. अस्थी बुद्धांच्या नातलगांच्या आहेत, असाही एक अर्थ पुढे मांडला गेला. त्याच सुमारास प्रांताच्या पुरातत्त्व खात्यातील एका अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातील एका भिक्षूला बनावट अवशेष विकल्याचे उघड झाले आणि त्याला पद सोडावे लागले. त्याची सावली पिप्रहवावरही पडली आणि लेख बनावट असल्याची शंका अधूनमधून डोके वर काढत राहिली. लिपी आणि भाषा यांच्या तज्ज्ञांपैकी बहुतेकांनी तो अस्सल मानला आहे.

निर्णय झाला तो या शंकांच्या पार्श्वभूमीवर नव्हे, तर राजकारणाच्या. जमिनीत पुरलेल्या ठेव्यांविषयीच्या १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार सरकारने ठेव्यावर हक्क सांगितला. त्यानंतर अस्थी सयामच्या (आताच्या थायलंडच्या) राजांना भेट देण्यात आल्या आणि ब्रह्मदेश व श्रीलंकेतील बौद्धांनाही त्यांचा वाटा मिळावा, अशी व्यवस्था ठरली. सयाम हे त्या वेळी ब्रिटिश ब्रह्मदेश आणि फ्रेंच इंडोचायना यांच्यामधले स्वतंत्र बौद्ध राज्य होते. बोधगयेच्या मंदिराचा ताबा मिळावा, ही बौद्धांची मागणी जोर धरत होती आणि ती मान्य करण्याची सरकारची तयारी नव्हती. अशा वेळी काही तुकडे देऊन बौद्ध जगताची सद्भावना मिळवणे सोयीचे होते. १८९९ मध्ये त्या अस्थी बँकॉकच्या सुवर्ण पर्वतावरील चैत्यात प्रतिष्ठापित झाल्या. त्यांतील एक अंश जपानलाही गेला आणि त्यासाठी नागोया येथे मंदिर उभारले गेले. पात्रे व बहुतांश रत्ने कोलकात्याच्या संग्रहालयात गेली. सुमारे एक पंचमांश रत्ने, संग्रहातील इतर रत्नांची ‘दुबार’ प्रत ठरवून, व्यवस्थापकाकडे राहू दिली गेली.

या ‘दुबार’ शब्दाने पुढचे सर्व नुकसान केले, असे मला वाटते. संग्रहालयाच्या नोंदवहीत सारख्या दिसणाऱ्या दोन नाण्यांपैकी एक दुबार ठरू शकते, परंतु स्तूपाच्या गाभ्यात श्रद्धेने वाहिलेले शंभर मोती हे एकाच मोत्याच्या शंभर प्रती नसतात. महावंस या श्रीलंकेच्या पाली इतिवृत्तात अनुराधपूरच्या महाथूपाच्या (महास्तूपाच्या) धातुगर्भाचे, म्हणजे अस्थी ठेवण्याच्या कक्षाचे, वर्णन आहे. त्यात रत्नांचा बोधिवृक्ष आणि बुद्धचरित्रातील प्रसंगांची चित्रणे यांच्यामध्ये धातूंची, म्हणजे अस्थींची, स्थापना होते. तेथे रत्ने अस्थींच्या प्रतिष्ठापनेचाच भाग आहेत. पिप्रहवाच्या राखेत मिसळलेली रत्नेही त्याच अर्थाने ठेव्याचा भाग होती. ती निवडून वेगळी काढताना ज्यांनी ती वाहिली त्यांचा हेतू विचारात घेतला गेला नाही. अस्थींना धर्म आणि रत्नांना मूल्य असा भेद करणारी दृष्टी राज्यकर्त्यांची होती.

१९७० च्या दशकातील उत्खननात त्याच स्तूपात, जुन्या पेटीपेक्षा खोल थरात, विटांच्या दोन कप्प्यांमध्ये आणखी पात्रे आणि अस्थी मिळाल्या. जवळच्या विहारात कपिलवस्तूचा उल्लेख असलेल्या मातीच्या मुद्राही सापडल्या. शाक्यांची राजधानी कपिलवस्तू म्हणजे पिप्रहवा की नेपाळमधील तिलौराकोट, हा वाद त्यामुळे अधिकच तीव्र झाला. या अस्थी नवी दिल्लीच्या संग्रहालयात आहेत. नाजूक अवस्थेमुळे प्रदर्शनासाठी परदेशी पाठवू नयेत अशा ‘एए’ वर्गात त्या मोडतात. तरीही २०२२ मध्ये अपवाद करून त्यांपैकी काही हवाई दलाच्या विमानाने मंगोलियाला नेण्यात आल्या. १८९९ मध्ये अस्थी मुत्सद्देगिरीचे साधन होत्या. स्वतंत्र भारतातही त्या तशा राहिल्या आहेत, हे नाकारता येणार नाही. सांचीच्या अस्थी १९४७ मध्ये इंग्लंडहून निघाल्या आणि १९५२ मध्ये सांची येथील नव्या विहारात पुन्हा प्रतिष्ठापित झाल्या. त्यांचे करंडकही परतले, एवढा फरक पिप्रहवाच्या तुलनेत महत्त्वाचा आहे.

२०२५ मध्ये केंद्र सरकारने लिलावगृहाला कायदेशीर नोटीस बजावली. अनेक देशांतील बौद्ध संघटना आणि अभ्यासकांनीही विक्रीला विरोध केला. लिलाव थांबल्यावर एका भारतीय उद्योगसमूहाने रत्ने विकत घेतली आणि त्यांतील मोठा भाग पाच वर्षांच्या मुदतीसाठी दिल्लीच्या संग्रहालयाकडे सोपवण्याची व्यवस्था झाली. रत्ने मायदेशी आली, याचा आनंद रास्त आहे. परंतु हा व्यवहार खरेदीचा होता आणि खरेदीत विक्रेत्याचा मालकी हक्क गृहीत धरलेला असतो. त्यामुळे १८९९ च्या वाटणीने तो हक्क खरोखर निर्माण झाला होता का, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयात तपासला गेला नाही आणि भारताबाहेरच्या खासगी संग्रहांमधील इतर स्तूपांच्या ठेव्यांबाबत दाखला म्हणून वापरता येईल असा निवाडाही हाती आला नाही.