जपानी इलेक्ट्रिक गिटार, जुनी : ओळख व मूळ भाग

जपानमध्ये साधारणतः १९५५ ते १९८७ या काळात बनलेल्या इलेक्ट्रिक गिटारींचा निर्माता व काळ ठरविण्याची, तसेच त्यांवरील सुटे भाग कारखान्यातलेच आहेत की मागाहून बसविलेले हे पारखण्याची रीत. ही कालमर्यादा संग्राहकांच्या व्यवहारातून रूढ झालेली असून ती काटेकोर नाही. नंतरचे टोक मात्सुमोकु कारखाना बंद पडल्याच्या वर्षाशी जुळते, म्हणून येथे ते ग्राह्य धरले आहे.

नावे व उत्पादक : हेडस्टॉकवरचे (मानेच्या टोकाच्या, खुंट्या असलेल्या भागावरचे) नाव हा या कामातला सर्वांत कच्चा पुरावा होय. १९६० च्या दशकात अमेरिकन व ब्रिटिश आयातदार जपानी कारखान्यांकडून आपापल्या नावाने माल बनवून घेत. त्यामुळे जवळपास एकच गिटार केंट, किंग्स्टन, नॉर्मा किंवा ऑडिशन अशा निरनिराळ्या नावांनी आढळते; सीअर्स या अमेरिकन विक्रेत्याच्या सिल्व्हरटोन आणि ब्रिटनमधील अँटोरिया या नावांखालीही जपानी गिटारी विकल्या गेल्या. बहुतेक वेळा नाव धातूच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर असे. पट्टी गळून पडलेली आणि जागेवर दोन बारीक भोके उरलेली, असे नमुने कमी नाहीत. त्या भोकांतले अंतर दुसऱ्या ज्ञात नमुन्याशी ताडून पाहणे हा नाव शोधण्याचा साधा उपाय आहे.

मात्सुकी मित्सुओ आणि कानेको आत्सुओ यांनी १९३० च्या दशकात गुया या नावाने विद्युत वाद्ये बनविली; गुयाटोन ही पुढची शाखा मात्सुकींची. कानेको यांनी मात्सुदा दोर्यू यांच्यासह १९४६ मध्ये टोकियोत सुरू केलेली कंपनी पुढे टेइस्को म्हणून प्रसिद्धीस आली. १९६५ मध्ये व्हेंचर्स या अमेरिकन वाद्यवृंदाच्या दौऱ्यानंतर जपानमध्ये ‘एलेकी’ची (इलेक्ट्रिक गिटारीची) लाट आली आणि अनेक नवे कारखाने या धंद्यात उतरले. लाट ओसरताच त्यांतले बरेच बुडाले. टेइस्को १९६७ मध्ये कावाई या जपानी वाद्यकंपनीने विकत घेतली. परिणामी १९६७ नंतरच्या ‘टेइस्को’ गिटारी कावाईच्या ठरतात आणि दोन्ही घराण्यांचे भाग एकमेकांत मिसळतात. विक्रेते तर त्या दशकातली कोणतीही अनोळखी जपानी गिटार टेइस्को म्हणूनच खपवतात. शिकागोचा ब्लूज वादक हाउंड डॉग टेलर याची गिटार हे याचे ठळक उदाहरण. जुन्या लेखनात ती सर्रास टेइस्को म्हटलेली आहे. छायाचित्रांवरून मात्र ती कावाईने बनविलेल्या किंग्स्टन मालिकेतली असावी, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

१९७० च्या दशकात उत्पादनाचा भार नागानो प्रांतातील मात्सुमोतो परिसराकडे झुकला. फुजिगेन (स्थापना १९६०) आयबानेझ व ग्रेको यांच्यासाठी, तर मात्सुमोकु एरिया, युनिव्हॉक्स, वेस्टोन व त्या काळातील एपिफोन यांच्यासाठी गिटारी बनवी. मात्सुमोकुने आधी सिंगर शिलाई यंत्रांची लाकडी कपाटे बनविली होती. हामामात्सुची तोकाई (१९४७) स्वतःच्या नावानेही विके. ग्रेकोच्या आरंभीच्या गिटारींचे श्रेय काही जण मात्सुमोकुला देतात आणि ते बहुधा बरोबर आहे.

‘लॉसूट’ (म्हणजे खटला) गिटार : या शब्दाने बाजारात जेवढा गोंधळ माजवला आहे, तेवढा दुसऱ्या कशानेही नाही. गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीची मालक नॉर्लिन हिने २८ जून १९७७ रोजी फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात दावा लावला तो एल्गर या कंपनीवर. एल्गर ही आयबानेझची अमेरिकेतील शाखा होती. वाद हेडस्टॉकच्या आकारापुरता होता आणि १९७८ मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला. तोवर आयबानेझने हेडस्टॉकचा आकार बदललेलाही होता. तोकाई, एरिया किंवा ग्रेको या खटल्यात पक्षकार नव्हते. तरीही १९७० च्या दशकातली कोणतीही हुबेहूब नक्कल आज ‘लॉसूट’ म्हणून चढ्या भावाने विकली जाते. काळ ठरविण्यासाठी हा शब्द निरुपयोगी आहे.

अनुक्रमांक : १९६० च्या दशकातील नेकप्लेटवर (नेक म्हणजे मान धडाला जोडणाऱ्या पट्टीवर) ‘मेड इन जपान’ या अक्षरांसोबत पुष्कळदा आकडे असतात, त्यांवरून वर्ष काढण्याचा प्रयत्न न केलेलाच बरा. आयबानेझचे क्रमांक १९७५ च्या उत्तरार्धापासून सुरू होतात आणि ते वाचायला सरळ आहेत : पहिले अक्षर महिन्याचे (‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘एल’ म्हणजे डिसेंबर), पुढचे दोन आकडे वर्षाचे, उरलेले उत्पादनाचे. ‘एफ ७७’ने सुरू होणारी गिटार म्हणजे जून १९७७. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. मात्सुमोकु व तोकाईच्या बऱ्याच गिटारींवर पहिला किंवा पहिले दोन आकडे वर्ष दाखवितात. आकडा एकच असेल तर दशक इतर खुणांवरून ठरवावे लागते. क्रमांक नेकप्लेटवर असला तर एक सावधगिरी हवी. प्लेट चार स्क्रूंनी निघते, त्यामुळे ती दुसऱ्या गिटारीचीही असू शकते.

मूळ भाग : येथे मोजपट्टी डोळ्यांपेक्षा जास्त भरवशाची. जपानी पॉटची (आवाज कमीजास्त करणाऱ्या फिरत्या भागाची) दांडी ६ मिमी. व्यासाची असते आणि खाचेदार दांडीवर १८ दाते असतात. अमेरिकन पॉटची दांडी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी. आणि दाते २४. म्हणून मूळ जपानी नॉब (दांडीवर बसणारे बटण) अमेरिकन पॉटवर नीट बसत नाही, आणि दाबून बसविल्यास आतून तडकतो. तडकलेला नॉब दिसला की खालचा पॉट बदललेला असण्याचा संशय घ्यावा. पिकगार्ड (धडावरची संरक्षक पट्टी) काढून लाकडातले किंवा पत्र्यातले भोक पाहिले तर शंका फिटते : मोठा अमेरिकन पॉट घालण्यासाठी भोक कानसून वाढविलेले असते आणि त्याची कड नव्या लाकडासारखी फिकट दिसते. पॉटच्या पाठीवर १३७ ने सुरू होणारा आकडा असेल तर तो अमेरिकेच्या सीटीएस कंपनीचा, अर्थात बहुधा मागाहून आलेला. ब्रिजचे (तारा टेकतात त्या आधाराचे) व ट्रेमोलोच्या (सूर कंपविणाऱ्या) दांडीचे आटेही मेट्रिक असतात. इंची दांडी जोर लावून फिरवली असेल तर आटे चुरगळलेले आढळतात.

खुंट्या बदलल्याचे हेडस्टॉकच्या पाठीवर लगेच कळते. जुन्या खुंटीच्या पट्टीखाली पॉलिश मूळ रंगाचे राहते, भोवती पिवळे पडते. नवी पट्टी लहान असेल तर त्या जागी फिकट सावली आणि बुजवलेली भोके उरतात. १९७० च्या दशकातील नकलांत बॉडी प्लायवूडची असणे, किंवा मूळ अमेरिकन गिटारीत चिकटवलेला नेक येथे स्क्रूने जोडलेला असणे, ही कारखान्याची रचना आहे. त्यास दुरुस्ती समजू नये. अॅशच्या जागी ‘सेन’ हे जपानी लाकूडही पुष्कळ वापरले गेले.

पिकअपच्या (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागाच्या) बाबतीत आयबानेझ व ग्रेकोसाठी मॅक्सॉनने (निश्शिन ओंपा) बनविलेले पिकअप महत्त्वाचे. त्यांच्या तळपत्र्यावर शाईने उमटवलेला आकडा असतो आणि तो गिटारीच्या क्रमांकाशी ताडून पाहता येतो. त्या आकड्यावरून निघणारी पिकअपची तारीख गिटारीच्या थोडी आधीची असणे स्वाभाविक. नंतरची असेल तर पिकअप बदललेला आहे.

टेइस्को, गुयाटोन आदींच्या ‘गोल्ड फॉइल’ पिकअपचा प्रश्न निराळा. धातूच्या झाकणाच्या नक्षीदार फटींतून सोनेरी पत्रा चमकतो. बऱ्याच नमुन्यांत आत रबरासारखा लवचिक चुंबक असतो. अमेरिकन वादक राय कूडर याने टेइस्कोचा असा पिकअप आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीवर बसविल्यावर त्याला मागणी आली. मग स्वस्त गिटारी केवळ पिकअपसाठी उघडल्या जाऊ लागल्या, आणि आज मिळणाऱ्या अनेक गिटारींत मूळ पिकअपच्या जागी नवी प्रतिकृती असते. झाकण सारखेच दिसते, म्हणून वरून पाहून भागत नाही. तारेचे आवरण आणि सोल्डरचा टाका तपासावा. जुना टाका मंद, करडा पडतो. एकाच पॉटवर तीन करडे व एक चकचकीत टाका दिसला तर तो चौथा अलीकडचा.

फेंडर जपान : मार्च १९८२ मध्ये अमेरिकेची फेंडर आणि जपानच्या कांदा शोकाई व यामानो गाक्की या कंपन्यांनी मिळून ही कंपनी उभारली, गिटारी फुजिगेन बनवी. ‘जेव्ही’ने सुरू होणारे क्रमांक १९८२ ते १९८४ चे मानतात, ‘एसक्यू’ १९८३-८४ चे, आणि ‘ई’ त्यानंतरचे. या मालिका काही महिने एकमेकींवर चढलेल्या आहेत. निर्यातीच्या आरंभीच्या काही जेव्ही गिटारींत अमेरिकेत बनलेले पिकअप कारखान्यातच बसविले होते. अशा गिटारीत अमेरिकन पिकअप सापडला म्हणून तो बदललेला ठरत नाही. तेथे पॉट, स्क्रू व टाक्यांची साक्ष अधिक धरावी.