कान दाबून पळणारं मूल लाडावलेलं असतं का?

शर्टाचं लेबल टोचतं म्हणून रडणारं, मिक्सर सुरू होताच कान दाबून पळणारं मूल दिसलं की ‘लाडावलंय, जरा जबरदस्ती करा, सुटेल सवय’ असा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. काही मुलांना स्पर्श किंवा आवाज खरोखरच फार तीव्र जाणवतो. जबरदस्तीने भीती वाढते. त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला काय होतंय हे सांगणंच मूल सोडून देऊ शकतं.

अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमायला मदत करणाऱ्या तज्ज्ञ) जीन आयर्स यांनी सेन्सरी इंटिग्रेशनचा, म्हणजे स्पर्श, आवाज, हालचाल अशा संवेदनांची मेंदू सांगड कशी घालतो याचा सिद्धांत मांडला. त्यावर आधारलेल्या थेरपीत झोका, चढणं, ढकलणं हे सगळं मुलाच्या कलाने, त्याला झेपेल एवढंच वाढवत नेतात. वरून तो नुसता खेळ वाटतो, पण रोख असतो दात घासणं, बटण लावणं, वर्गात बसणं जमण्यावर.

मात्र या थेरपीने ऑटिझम (स्वमग्नता) ‘बरा’ होतो, हाही गैरसमजच. शिवाय स्पर्श किंवा आवाज असा तीव्र जाणवणारं प्रत्येक मूल ऑटिस्टिक नसतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्पष्ट केलं होतं की या थेरपीच्या परिणामांवरचं संशोधन मर्यादित आहे. म्हणून सुरुवातीलाच थेरपिस्टला विचारा: नेमकं काय जमायला हवं, आणि फरक पडतोय की नाही हे कधी, कसं तपासायचं?