होडीतील गळमासेमारी : पाण्यावरचा शेजारधर्म (कोल्हापूर परिसर)

हौस म्हणून होडीत बसून गळाने मासे धरणाऱ्यांनी एकमेकांशी, तसेच त्याच पाण्यावर पोट असलेल्या मच्छीमारांशी वागण्याची अलिखित रीत. हाकेला ओ देणे, अंतर राखणे, दुसऱ्याच्या दोरीला वा जाळ्याला धक्का न लावणे, मासा लागलेल्याला पाणी मोकळे करून देणे, अडलेली होडी काठाला लावणे या गोष्टी तीत येतात. प्रस्तुत नोंद कोल्हापूर जिल्ह्यातील नद्या व जलाशय डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. काठावर बसून गळ टाकण्याची रीत सर्वपरिचित असल्याने तिचा उल्लेख ओघात आला तेवढाच.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि परंपरेने मानलेली गुप्त सरस्वती यांच्या संगमातून झालेली पंचगंगा प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीला कृष्णेस मिळेपर्यंत सुमारे ८० किमी. वाहते. तिच्या व उपनद्यांच्या पात्रात जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्या) घालतात आणि वाहती नदी संथ, लांबट डोहांची माळ होते. होडीतून गळ टाकायला हे पाणी सोयीचे. याखेरीज राधानगरी, तुळशी व काळम्मावाडी येथील मोठे जलाशय आणि शहरालगतचे रंकाळा, कळंबा हे तलाव आहेत. कोल्हापूरच्या माशांची शास्त्रीय यादी कलावार व केळकर यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. मरळ, वाम, शिंगाळा हे इथले जुने मासे. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले व बीज सोडून वाढवलेले, तर चिलापी आफ्रिकेतून आलेली. हौशी मंडळींकडे स्वतःची होडी क्वचितच असते. भाड्याची वा ओळखीतून मिळालेली लाकडी किंवा फायबरची होडी, अलीकडे एखादी कयाक, एवढाच सरंजाम असतो.

उगमाचा प्रश्न : गळ टाकणे ही करमणूक म्हणून लेखी रूपात प्रथम कोठे येते, याविषयी मतभेद आहेत. इंग्रजी परंपरेतील लेखक १४९६ मध्ये छापल्या गेलेल्या एका गळविषयक निबंधापासून सुरुवात करतात. तो डेम ज्युलियाना बर्नर्स या बाईंच्या नावे सांगितला जातो, पण त्या कर्तृत्वाला ठोस आधार नाही, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. भारतीय बाजूने पाहिले तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. सु. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथातील ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण त्याहून साडेतीनशे वर्षांनी जुने ठरते. ग्रंथाच्या काळाविषयी एकमत नाही. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध करताना ११२७ हे वर्ष धरले. इतरत्र ११३१ दिलेले आढळते. ग्रंथातच ज्योतिषगणितासाठी शके १०५१ घेतलेले असल्याने ११२९ च्या आगेमागे त्याची रचना झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादित केल्यावर (पहिला खंड १९२५) अभ्यासकांची मोठी सोय झाली.

मत्स्यविनोदात माशांचे समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे भेद केले आहेत. कोणत्या माशाला कोणते आमिष, दोरी कशाची, काठी कशी, हेही येते. कोल्हापूरचे शिलाहार हे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक, आणि सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याची एक राणी शिलाहार घराण्यातली होती, असे विक्रमादित्याचा दरबारी कवी बिल्हण याच्या काव्यावरून दिसते. त्यामुळे हे प्रकरण पंचगंगेच्या पाण्याशी जोडण्याचा मोह होतो, पण ग्रंथ दरबारी आहे, नदीकाठचा नव्हे. शिवाय त्याचा रोख मासा, आमिष आणि राजाची करमणूक यांवर आहे. शेजारच्या होडीतल्याशी कसे वागावे, हा त्याचा विषयच नाही. राजाच्या पाण्यात दुसरी होडी यायची कशाला? या मुद्द्यावर मात्र इंग्रजी निबंध पुढे आहे. गरिबाच्या राखीव पाण्यात त्याला विचारल्यावाचून गळ टाकू नये, दुसऱ्याच्या सापळ्यातला मासा काढू नये, कुंपण मोडू नये, उघडलेले फाटक लावून घ्यावे, असे तो शेवटी बजावतो. तेव्हा गळाची विद्या आपल्याकडे लिखित रूपात आधी आली आणि गळकऱ्यांच्या वागण्याचे नियम तिकडे आधी लिहिले गेले, असे म्हणणे पुराव्याला धरून होईल. कोल्हापूर भागातील रीत यांपैकी कोणत्याही ग्रंथातून उतरलेली नाही. ती भोई व कोळी मच्छीमारांच्या वहिवाटीतून आली असावी.

पहिला मान कोणाचा : धरणे व तलाव यांतील मासेमारीचा हक्क शासनाच्या मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्याने, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो. बीज सोडण्याचा खर्च संस्थेचा, राखणही तिचीच. म्हणून ठेक्याच्या पाण्यावर हौशी माणूस हा पाहुणा असतो. गळ टाकण्यापूर्वी संस्थेची परवानगी घेणे हा कायद्याचा भाग झाला. पाण्यात उतरल्यावर जाळ्यांची जागा विचारून घेणे हा शेजारधर्म. कंडाळी जाळी पाण्यात भिंतीसारखी उभी असतात आणि वर दिसतात ते फक्त थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या. त्या ओळीवरून होडी नेली, तर वल्हे किंवा यंत्राचा पंखा जाळ्यात अडकतो. जाळेवाल्याच्या घरची दोन-तीन रात्रींची कमाई जाते आणि वर जाळे विणत बसावे लागते ते वेगळेच. गळ जाळ्यात अडकलाच तर तो ओढून काढायचा नाही. आपली दोरी कापायची आणि जाळ्याच्या मालकाला सांगायचे. गळ दहा-वीस रुपयांचा असतो, जाळे हजारांचे. या संकेताला या नोंदीत अग्रक्रम देण्याचे कारण उघड आहे : हौशी मंडळींच्या आपसातल्या सौजन्यावर पुष्कळ लिहिले जाते, पण ज्याची चूल त्या पाण्यावर पेटते त्याच्याशी वागणे हीच खरी कसोटी आहे.

वाट कोणी द्यायची : समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे असून १९७७ पासून अमलात आहेत. त्यांतील १८ व्या नियमाप्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या जहाजाने मासेमारीत गुंतलेल्या जहाजाला वाट द्यावी लागते. मात्र ‘मासेमारीत गुंतलेले’ म्हणजे काय, हे तिसऱ्या नियमात सांगितले आहे. ज्या साधनांमुळे जहाजाला सहज वळता येत नाही, अशी जाळी वा दोऱ्या वापरणारे तेवढेच त्यात येते. चालत्या होडीमागे आमिष ओढत नेणारी होडी त्यातून स्पष्टपणे वगळली आहे. साहजिकच हौशी गळकऱ्याला समुद्रावरही या नियमाचा आधार फारसा मिळत नाही. आणि हे नियम मुळात खुल्या समुद्रासाठी व त्याला जोडलेल्या, सागरी जहाजे जाऊ शकतील अशा पाण्यासाठी आहेत. धरणाच्या बंदिस्त पाण्याला ते लागू होत नाहीत. भारताच्या २०२१ च्या अंतर्देशीय जहाज अधिनियमाचा भर यांत्रिक जहाजांवर असून बिगरयांत्रिक होड्यांसाठी त्यात वेगळे प्रकरण आहे. पण दोन गळांच्या दोऱ्यांमध्ये किती पाणी सोडायचे, हे कोणताही कायदा सांगत नाही. तिथे शेजारधर्मच लागतो. नांगर टाकून बसलेल्या होडीला चालत्या होडीने वळसा घालावा, शक्यतो तिच्या पाठीमागून, म्हणजे दोऱ्या नसलेल्या बाजूने जावे आणि यंत्र असल्यास लाट उठणार नाही इतके मंद करावे, हा सर्वमान्य संकेत आहे.

प्रत्यक्ष रीत : होडी जवळून जाताना हात वर करणे ही ओळख, आणि हाकेच्या टप्प्यात आल्यावर ‘काय पावनं, गावलं का काय?’ ही चौकशी. ‘दोन चिलाप्या, बाकी सगळं थंड हाय’ एवढे उत्तर पुरते. वयाने मोठ्या नावाड्याला मामा, बरोबरीच्याला भावा किंवा दादा म्हणायचे. काय गावले ते विचारावे, आमिष कोणते हे विचारायलाही हरकत नसते. पण समोरच्याने सांगितलेल्या जागी दुसऱ्या दिवशी त्याच्या आधी जाऊन बसणे वाईट समजतात.

रोहू-कटल्यासाठी आधी चारा टाकावा लागतो. भुईमुगाची पेंड, भाताचा कोंडा आणि मळलेली कणीक यांचे गोळे एका जागी सोडत राहिले की तास-दोन तासांनी मासा तिथे जमतो, बुडबुडे येऊ लागतात. ती जागा त्या दिवसापुरती चारा टाकणाऱ्याची. दुसऱ्या होडीने आपला नांगर निदान त्याच्या फेकीच्या टप्प्याबाहेर टाकावा. मोठा कटला गळाला लागला की होडीच्या अवतीभोवती रुंद फेरी घेतो, नांगराच्या दोराकडे झेपावतो आणि तोच क्षण मासा सुटण्याचा असतो. रीळ कर्रकर्र वाजू लागले की शेजारच्याने न सांगता आपल्या दोऱ्या गुंडाळाव्यात, जरूर पडली तर नांगर उचलून बाजूला व्हावे. हातजाळी घेऊन मदतीला जायचे ते बोलावल्यावरच. दुसऱ्याच्या तंगुसाला (गळाच्या नायलॉन दोरीला) हात लावणे तर कटाक्षाने टाळतात, कारण ताणलेला तंगूस बोट कापतो आणि हिसक्याने तुटतोही.

शांततेच्या संकेताविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण त्याबाबत समज आणि वस्तुस्थिती यांत अंतर आहे. रोहू, कटला, मृगळ, महसीर आणि शिंगाळा या माशांत हवेची पिशवी व आतला कान यांना जोडणारी लहान हाडांची साखळी (वेबेरीय अस्थिका) असते, त्यामुळे त्यांची श्रवणशक्ती इतर अनेक माशांपेक्षा तीक्ष्ण असते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मी. वेगाने, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जलद जातो. पण हवेतल्या आवाजाची जवळजवळ सर्व ऊर्जा पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरते. म्हणजे दोन होड्यांतल्या साध्या गप्पांनी मासा बिथरतो, हा जुना समज फारसा टिकत नाही. तळाच्या फळीवर पाय आपटणे, वल्हे होडीच्या काठावर आदळणे, नांगर धाडकन सोडणे हे मात्र थेट पाण्यात पोचते. शेजाऱ्याचा विचार करणारा माणूस नांगर हाताखालून हळूच सोडतो आणि होडीत गोणपाट अंथरतो. हसून चार शब्द बोलायला त्याला काही अडचण नाही.

संकटातील मदत : बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी संथ दिसले तरी बरगे काढताना वा पाणी वरून पडत असताना ओढ जबर असते. तेथे वल्हे मोडलेली होडी दिसली की आपला गळ कापून तिच्याकडे जावे, यावर कोणाचेही दुमत नाही. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचले की ते आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातून १,४२८ घनफूट प्रतिसेकंद पाणी भोगावतीत येते. त्यामुळे पावसाळ्यात खालच्या अंगाला होडी घालण्याचे धाडस करू नये, आणि दरवाजे उघडल्याची बातमी कानावर आली तर ती हाक मारत खालपर्यंत पोचवावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानली जाते. उसाच्या या पट्ट्यात पुराच्या वेळी गुऱ्हाळाची काहील (उसाचा रस उकळण्याची मोठी पसरट कढई) सुद्धा होडी म्हणून पाण्यात उतरते. तिला कणा नसतो आणि काठ पाण्यालगत असतो. तिच्याजवळून जाणाऱ्याने वल्हेही जपून मारावे.

माशाविषयीचे संकेत : मरळ आपल्या पिलांच्या थव्याची राखण करते. तांबूस पिलांचा तो पुंजका पृष्ठभागावर वळवळताना सहज दिसतो आणि त्या वेळी आमिषावर ती हटकून झेपावते. अशी मरळ मारू नये आणि शेजाऱ्यालाही तसे सुचवावे, हा विचार हौशी मंडळींत रुजतो आहे. तो पाळला जावा. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच गुन्हा ठरवले आहे. राधानगरी व काळम्मावाडी जलाशयांचा परिसर राधानगरी अभयारण्यात मोडतो, तेव्हा तेथे वनविभागाच्या निर्बंधांपुढे हौस मागे ठेवावी लागते.

उन्हाळ्यात प्रदूषणामुळे पंचगंगेत मासे मरून तरंगण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत. पाण्याचा बदललेला रंग किंवा पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकणारा मासा सर्वांआधी होडीतल्या माणसाला दिसतो. तो पाहताच खालच्या गावच्या मच्छीमारांना कळवणे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार देणे हेही आता या रीतीचाच भाग मानले पाहिजे.