आशियाई तायक्वांदो अजिंक्यपद स्पर्धा

आशिया खंडातील देशांच्या राष्ट्रीय संघांमध्ये होणारी, तायक्वांदो या लाथा-ठोशांच्या कोरियन खेळाची वरिष्ठ गटाची स्पर्धा. १९७४ साली सोलमध्ये सुरू झालेली ही स्पर्धा, करोनाच्या काळातील खंड सोडला, तर दर दोन वर्षांनी होत आली आहे. २०२४ मध्ये व्हिएतनामच्या दा नांग शहरात झालेली स्पर्धा सव्विसावी. एशियाड (अनेक खेळांची आशियाई क्रीडा स्पर्धा) आणि ही स्पर्धा यांत गल्लत होते, पण दोन्ही वेगळ्या आहेत. एशियाडमध्ये तायक्वांदो पहिल्यांदा आले ते १९८६ साली सोलला. १९९० च्या बीजिंग एशियाडमधून ते वगळले गेले आणि १९९४ च्या हिरोशिमापासून कायम झाले. अजिंक्यपद स्पर्धा ही त्याहून बारा वर्षांनी जुनी आणि फक्त तायक्वांदोची.

सुरुवात आणि यजमान शहरे

सोलमधील कुक्कीवोन हे तायक्वांदोचे मुख्यालय १९७२ च्या अखेरीस उभे राहिले. मे १९७३ मध्ये तिथेच पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि २८ मे रोजी जागतिक महासंघ स्थापन झाला. पुढच्याच वर्षी आशियाई स्पर्धा भरली. आशियाई तायक्वांदो संघटना मात्र १९७८ ची, म्हणजे सोल (१९७४) आणि मेलबर्न (१९७६) या पहिल्या दोन स्पर्धा खंडाची संघटना जन्मण्यापूर्वीच पार पडल्या होत्या.

त्यानंतर हाँगकाँग (१९७८), तैपेई (१९८०), सिंगापूर (१९८२), मनिला (१९८४), डार्विन (१९८६), काठमांडू (१९८८), तैपेई (१९९०), क्वालालंपूर (१९९२), मनिला (१९९४), मेलबर्न (१९९६), हो चि मिन्ह सिटी (१९९८) आणि हाँगकाँग (२०००) असा क्रम लागतो. २००२ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान यजमान झाली. पूर्व आशियाच्या हातात असलेला हा खेळ पश्चिमेकडे किती पसरला होता, ते त्या निवडीत दिसते. पुढे सोंगनाम (२००४), बँकॉक (२००६), लुओयांग (२००८), अस्ताना (२०१०), हो चि मिन्ह सिटी (२०१२), ताश्कंद (२०१४), मनिलाजवळचे पासाय (२०१६), पुन्हा हो चि मिन्ह सिटी (२०१८). २०२० ची स्पर्धा करोनामुळे लांबली आणि २०२१ मध्ये बैरुतला झाली. लगोलग २०२२ मध्ये कोरियातील चुनचोन आणि २०२४ मध्ये दा नांग. दक्षिण आशियाला यजमानपद मिळाले ते एकदाच, काठमांडूला. भारतात ही स्पर्धा आजवर भरलेली नाही.

खंडाची हद्द

यादीत मेलबर्न आणि डार्विन पाहून वाचक थबकतो. ओशनियाची वेगळी संघटना २००५ मध्ये निघेपर्यंत ऑस्ट्रेलिया आशियाई स्पर्धेतच खेळत असे. इस्रायल नकाशावर आशियात असले तरी खेळते युरोपात. सोव्हिएत संघ फुटल्यावर उझबेकिस्तान आणि कझाकस्तान आशियात आले आणि पाहता पाहता बलाढ्य झाले. खेळातला खंड भूगोलापेक्षा संघटनेच्या सदस्यत्वावर ठरतो.

बेळगाव सीमाभागातल्या खेळाडूला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. निपाणी आणि कागल हे तालुके एकमेकांना लागून आहेत, दोन्हीकडे घरातली भाषा मराठी. तरी निपाणीची मुलगी कर्नाटकाच्या निवड चाचणीला जाते आणि कागलची महाराष्ट्राच्या. चंदगड तालुक्यातल्या शिनोळीचा मुलगा बाजारहाटाप्रमाणे सरावालाही बेळगावात येऊ शकतो, पण राज्य निवडीच्या वेळी त्याचा रहिवासाचा दाखला कोल्हापूर जिल्ह्याचा निघतो. कोणत्या राज्याकडून खेळायचे हे जिल्हा स्पर्धेपूर्वीच ठरवून घ्यावे. एकाच हंगामात दोन राज्यांच्या चाचण्या दिल्या, तर दोन्हीकडची नोंद अडचणीत येते.

वर्चस्व

पहिल्या स्पर्धेपासून दक्षिण कोरियाचा दबदबा राहिला. इराण हा त्याचा कडवा प्रतिस्पर्धी. चायनीज तैपेई (म्हणजे तैवान), थायलंड, चीन, उझबेकिस्तान आणि जॉर्डन हे आजचे इतर तगडे संघ. आशियाई फेरीत निभावणे जगात निभावण्याइतकेच कठीण का, हे ऑलिंपिकच्या निकालांवरून कळते. व्हिएतनामचे पहिले ऑलिंपिक पदक (२०००, रौप्य), अफगाणिस्तानचे पहिले (२००८, रोहुल्ला निकपाई, कांस्य) आणि जॉर्डनचे पहिले (२०१६, अहमद अबुघौश, सुवर्ण) ही तिन्ही तायक्वांदोतली. थायलंडच्या पानिपाक वोंगपत्तनाकित हिने ४९ किलो गटात आणि उझबेकिस्तानच्या उलुगबेक राशितोव याने ६८ किलो गटात टोकियो आणि पॅरिस अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकले.

भारतात हा खेळ १९७० च्या दशकाच्या मध्यावर जिमी जगतियानी यांनी आणला. २००२ च्या बुसान एशियाडमध्ये सुरेंद्र भंडारी यांनी कांस्यपदक मिळवले. दा नांग येथे २०२४ मध्ये झालेल्या आशियाई पूमसे स्पर्धेत अरुणाचल प्रदेशच्या रूपा बायोर हिने वैयक्तिक कांस्य जिंकले. पूमसे म्हणजे प्रतिस्पर्ध्याविना, ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. लढतीच्या प्रकाराला ग्योरुगी म्हणतात आणि या नोंदीतील पुढचा तपशील ग्योरुगीचा आहे.

गुण कसे मिळतात

आज छातीवरच्या ठोशाला १ गुण, धडावरच्या लाथेला २, डोक्यावरच्या लाथेला ३. अंग फिरवून मारलेली लाथ धडावर बसली तर ४, डोक्यावर बसली तर ५. पडणे, रेषेबाहेर जाणे, धरणे, कमरेखाली मारणे, गुडघा वर धरून नुसते अडवत राहणे यांबद्दल गाम-जोम मिळतो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एक गुण. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. २०२२ पासून फेऱ्या स्वतंत्र मोजतात: दोन फेऱ्या जिंकणारा विजयी. एका फेरीत पाच गाम-जोम झाले की ती फेरी गेली. या बदलाचा परिणाम मोठा आहे. पूर्वी पहिल्या फेरीत दहा गुणांची आघाडी घेऊन उरलेला वेळ पळून काढता येत असे. आता दुसरी फेरी शून्यापासून सुरू होते.

सुरुवातीच्या दशकांत गुण पंचांच्या नजरेवर आणि कानावर अवलंबून होते. लाथेचा आवाज झाला आणि समोरचा हलला की गुण. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनची डोक्यावर बसलेली लाथ पंचांनी मोजलीच नाही आणि चित्रफीत पाहून निकाल फिरवावा लागला. २०१२ च्या लंडनपासून ऑलिंपिकमध्ये इलेक्ट्रॉनिक चेस्टगार्ड (छातीवरचे कवच) आले, २०१६ च्या रिओपासून हेडगार्डही. खेळाडूच्या मोज्यात चुंबकाचे तुकडे असतात. चेस्टगार्ड दोन गोष्टी तपासतो: चुंबक जवळ आला का आणि वजनगटानुसार ठरवलेल्या किमान जोराचा आघात झाला का. दोन्ही जुळले तरच फलकावर गुण चढतो. ठोसा मात्र अजून कोपऱ्यातले तीन पंच बटण दाबून देतात आणि त्यांपैकी दोघांचे बटण जवळपास एकाच क्षणी दाबले जावे लागते. लाथ फिरती होती की नाही, तेही पंचच ठरवतात.

या मोज्यांवरून सर्वांत मोठा वाद आशियातच झाला. २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये चायनीज तैपेईची यांग शु-चुन पहिल्या फेरीत व्हिएतनामच्या खेळाडूविरुद्ध ९–० अशी पुढे होती. फेरी संपायला काही सेकंद असताना तिच्या जुन्या बनावटीच्या मोज्यांना टाचेकडे जादा संवेदक आहेत म्हणून तिला बाद केले गेले. तैवानमध्ये लोक रस्त्यावर उतरले. लढतीपूर्वीच्या तपासणीत मोजेही पाहतात.

गावपातळीवरच्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक संच क्वचितच असतो. तो महाग आहे आणि चालवायला जाणकार माणूस लागतो. त्यामुळे बेळगाव, खानापूर, चिकोडीकडची मुले मोठा आवाज काढणारी, पायाच्या वरच्या पसरट भागाने मारलेली लाथ घोटून येतात आणि राज्य स्पर्धेत पहिल्यांदा संच अंगावर चढला की गुणच चढत नाही. कारणे बहुतेक वेळा तीनच असतात. मोजा एक माप मोठा असला की चुंबक सरकून तळव्याकडे जातो. चेस्टगार्ड सैल बांधला की आघात त्यातच जिरतो. पाठीमागची दोरी मदतनिसाने गुडघा टेकवून ओढावी, मग हाताचा पंजा आत शिरता कामा नये. तिसरे कारण अंतराचे: आवाजासाठी लाथ लांबून चाटून जाते, संचाला ती आत घुसून दाबलेली हवी असते. संच नसेल तरी सरावात साधे मोजे घालूनच मारावे. अनवाणी सराव केलेला पाय मोज्यात मॅटवर घसरतो आणि पडल्याच्या गाम-जोमचा गुण प्रतिस्पर्ध्याला फुकट जातो.

प्रशिक्षकाकडे एक कार्ड असते. निर्णय चुकला असे वाटल्यास ते दाखवून चित्रफीत पाहण्याची मागणी करता येते. मागणी बरोबर ठरली तर कार्ड परत मिळते, चुकली तर गेले. पहिल्याच फेरीत एका गुणासाठी कार्ड उडवणे ही वारंवार दिसणारी चूक. डोक्यावरच्या लाथेसाठी ते राखून ठेवावे.

मैदान आखणे

आशियाई स्पर्धेत लढतीची जागा अष्टकोनी असते, समोरासमोरच्या बाजूंतले अंतर ८ मीटर. शाळेच्या सभागृहात किंवा मंगल कार्यालयात ती आखायची तर आधी ८ × ८ मीटरचा चौकोन घ्यावा. प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना २.३४ मीटरवर खूण करावी आणि त्या दोन खुणा तिरप्या जोडाव्यात. चारही कोपरे असे कापले की प्रत्येक बाजू ३.३१ मीटरची होते. बाहेर चहूबाजूंनी किमान एक मीटर सुरक्षित पट्टा धरला, तर एक मीटरच्या १०० मॅट लागतात. दोन मीटरचा धरला तर १४४.

मॅट दात एकमेकांत अडकणाऱ्या असतात. बेळगावच्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, त्या जमिनीकडून ओल धरतात आणि दातांचे सांधे सुटू लागतात. अर्ध्या सेंटिमीटरची फट पायाच्या अंगठ्याला पुरेशी असते. सराव संपल्यावर मॅट एकावर एक न रचता भिंतीला उभ्या टेकवाव्यात, म्हणजे वारा लागतो. आखणीची पट्टी चिकटवताना तिचे टोक सांध्यावर येऊ देऊ नये, ते तिथूनच उचलले जाते.

वजन

पुरुषांचे आठ गट: ५४, ५८, ६३, ६८, ७४, ८०, ८७ किलोपर्यंत आणि ८७ च्या वर. महिलांचे ४६, ४९, ५३, ५७, ६२, ६७, ७३ पर्यंत आणि ७३ च्या वर. ऑलिंपिकमध्ये दोन्हीकडे चारच गट असतात, म्हणून ५४ किलोच्या आशियाई विजेत्याला ऑलिंपिकसाठी ५८ मध्ये जावे लागते.

येळ्ळूर, कडोलीकडच्या तालमीत वाढलेल्या मुलांना ही शिस्त जाचते. यात्रेच्या कुस्ती मैदानात जोड नजरेने लावतात, दोन-चार किलोंचा फरक कुणी काढत नाही. इथे काटा शंभर ग्रॅमला अडवतो. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होते. जास्त भरले तर वेळ संपायच्या आत आणखी एकदाच संधी मिळते. शिवाय लढतीच्या दिवशी सकाळी काही जणांना अचानक काट्यावर बोलावतात आणि तेव्हा पाच टक्क्यांहून जास्त वाढ चालत नाही. ५८ किलोच्या गटात ही मर्यादा ६०.९ किलो पडते. म्हणजे दोन दिवस पाणी तोडून चार किलो उतरवायचे आणि रात्रीत भरून काढायचे, हा जुना मार्ग बंद झाला आहे. तो घातकही होता. एका वजनगटाच्या सगळ्या लढती एकाच दिवशी संपतात. ३२ जणांच्या गटात सुवर्णासाठी पाच लढती जिंकाव्या लागतात आणि पाण्यावाचून सुकलेले शरीर तिसऱ्या लढतीला पाय उचलत नाही.

उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्यपदक मिळते. जागतिक क्रमवारीत या स्पर्धेचा दर्जा जी-४ आहे: विजेत्याला ४० गुण, उपविजेत्याला २४, कांस्यविजेत्यांना प्रत्येकी १४.४.

पात्रता आणि कागदपत्रे

वरिष्ठ गटासाठी स्पर्धेच्या वर्षात वय १७ पूर्ण होणारे असावे लागते. १२ ते १४ वर्षांचे कॅडेट आणि १५ ते १७ चे ज्युनियर यांच्या आशियाई स्पर्धा वेगळ्या होतात. कुक्कीवोनचे दान, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या श्रेणीचे, प्रमाणपत्र (लहान वयात पूम) आवश्यक आहे. क्लबने दिलेला काळा पट्टा आणि शिक्क्याचा कागद चालत नाही. भारतात या खेळाच्या संघटनांच्या मान्यतेवरून दीर्घकाळ वाद झाले आहेत. म्हणून कोणत्याही 'राष्ट्रीय' किंवा 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धेचे शुल्क भरण्यापूर्वी, ती जागतिक महासंघाच्या सदस्य संघटनेच्या वेळापत्रकात आहे का, हे पालकांनी स्वतः पाहावे.

सीमाभागात सर्वांत जास्त वेळ नावात जातो. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, आधार तिसऱ्याच स्पेलिंगचे; आडनाव एकच असून इंग्रजीत तीन प्रकारे उतरते. दान प्रमाणपत्र, खेळाडू परवाना आणि पासपोर्ट यांवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एक असावी लागते. दान परीक्षेचा अर्ज भरण्याआधी पासपोर्ट काढून घ्यावा आणि त्यावरचे स्पेलिंगच अर्जात लिहावे. उलट क्रमाने गेल्यास प्रमाणपत्राची दुरुस्ती कोरियातून करून आणावी लागते.